पायाळू बाईचं दुखणं

चतुराबाई आईच्या पोटातून पायांकडून जन्मल्या, आणि तेव्हापासून लोकांनी त्यांच्या पायावर हक्कच सांगितला. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे कुणी कुणाला पटवून द्यायला जात नाही. चालता यायच्या आधीच त्यांना बखोटीला धरून कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर उभं केलं जायचं. आभाळ गडगडलं की मात्र घरात कोंडायचे, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. एकीकडे सगळ्यांनी पुढे पुढे करायचं आणि दुसरीकडे दाराला बाहेरून कडी लावायची, अशात वाढलेली बाई जरा संशयी निघाली तर दोष तिला कसा द्यायचा?

आणि जरा म्हणणं हेही कमीच. लग्न होऊन त्या धनजला आल्या, त्यालाही आता चाळीसएक वर्षं होत आली, पण दूधवाल्याचं माप, चक्कीवाल्याची पीठ काढायची रीत, शेजारणीचं अचानक गोड बोलणं, यातलं एकही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. सून निकिता मोबाईलवर बोलताना हसली की हे हसणं आपल्यावरच असणार, असं त्या धरूनच चालत. नवरा इंद्रभान अर्धा शब्द बोलून गप्प बसणारा माणूस. तो गप्प का बसतो, याचाही त्यांना संशय होता.

पायाचं काम मात्र त्या चोख करत. शनिवारी सकाळी दुखणाईत उंबरठ्यावर पालथा पडायचा, डोकं आत, पाय बाहेर. चतुराबाई डावा पाय त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत तीनदा फिरवायच्या. मग त्याने मुकाट उठायचं आणि मागे वळून न बघता घरी जायचं. वळून बघितलं की उसण माघारी येते. याचे पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा घ्यायचा नाही. गावात त्यांचा शब्द चालायचा तो या पायामुळे. बाकी त्यांच्या नावावर काय होतं? दुसऱ्याच्या घरात आलेली, दुसऱ्याच्या शेतात राबलेली बाई. पाय तेवढा त्यांचा स्वतःचा होता.

आणि नेमकी त्यांचीच मान धरली.

एका दिवसात नाही धरली. तुरीचे भारे, कडब्याच्या पेंढ्या, पाण्याची गुंडं, डोक्यावरून काय काय वाहिलं त्याची गणती नाही. आधी नुसती कळ यायची, मग ती खांद्यात उतरून तिथेच मुक्काम ठोकून बसली. पुढे पुढे मान वळेचना. कुणी मागून हाक मारली तर चतुराबाई बैलगाडी वळवावी तशा अख्ख्या वळत. पाठीमागचं दिसेनासं झालं तसा संशय दुप्पट वाढला, कारण आता मागे काय चाललंय हे बघायची सोयच राहिली नाही. सगळ्यात वाईट म्हणजे उंबरठ्यावरच्या माणसाच्या पाठीकडे खाली बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. मग त्या अंदाजाने पाय फिरवू लागल्या.

आता उसण उतरवणाऱ्या बाईचीच मान धरली हे गावाला कळलं, तर पायाला कोण विचारणार? या एका भीतीने त्यांनी दुखणं पदराआड ठेवलं. मलम लावलं ते वासाचा पत्ता लागू नये म्हणून गोठ्यात जाऊन. गोळ्या खाल्ल्या त्या गुळात दडवून. गोळी होती तोवर बरं वाटे, गोळी उतरली की मान पुन्हा होती तिथे. शेवटी एकदा नातलगाकडे जाते असं गावात सांगून त्या एसटीने शिरपूर जैनला गेल्या. तिथे जगदेव नावाचा एक पायाळू म्हातारा होता. तोंडावर पदर ओढून, नाव खोटं सांगून त्या त्याच्या उंबरठ्यावर पालथ्या पडल्या. त्याने पाय फिरवला. काही झालं नाही.

"त्यानं उजवा पाय लावला मले," घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मुद्दाम. मी कोन हावो ते वळखलं असन त्यानं."

"असन," इंद्रभान म्हणाला.

गावात त्यांच्या पायाचा सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे हबीब शिंपी. बस थांब्याजवळ त्याचं दुकान, सकाळपासून दिवे लागेपर्यंत मशीनवर वाकलेला. त्याची मान चतुराबाईंच्या मानेच्याही आधीपासून दुखायची. महिन्या-दोन महिन्यांत एकदा तो कण्हत यायचा, पाय लावून घ्यायचा आणि काही दिवसांनी पुन्हा यायचा. इतक्यांदा का यावं लागतं, हा प्रश्न या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईला कधी पडला नाही. उलट वर्षभरापासून हबीब येताना कण्हत यायचा खरा, पण जाताना ताठ जायचा. आपल्या पायाचा गुण वाढत चालला, असं त्या इंद्रभानला सांगत. तो असन म्हणायचा.

एका सकाळी चुलीपुढून उठताना चतुराबाईंच्या तोंडून जोराने कण्हणं निघालं आणि ते निकिताने ऐकलं.

"आई, कारंज्याले सरकारी दवाखान्यात एक मॅडम हायेत. मानेचा व्यायाम शिकोतात. चाला ना एक डाव."

"तुले कोनं सांगतलं?"

"आयकलं कुठंतरी."

निकिताने हे नजर चुकवून म्हटलं. चतुराबाईंच्या मनात पाल चुकचुकली. सून सासूची काळजी कायले करून राह्यली? शनिवारी सकाळी उंबरठ्यावर लोकांचे चिखलाचे पाय येतात, ते हिला आवडत नाहीत, हे त्या जाणून होत्या. सासू दवाखान्यात जाते असं एकदा गावभर झालं की लोक आपोआप बंद. असा डाव होता तर. पण त्या रात्री कुशीवर वळताना मान अशी काही पिरगळली की डाव असो नाहीतर काही असो, सकाळी त्या पदर सावरून बसमध्ये जाऊन बसल्या. निकिताला त्यांनी दोन बाकं मागे बसायला लावलं, म्हणजे सोबत आहोत असं दिसू नये.

दवाखान्यात ती मॅडम म्हणजे संस्कृती नावाची एक पोरगीच निघाली. तिने हाताला मुंग्या येतात का विचारलं, हाताची पकड बघितली, खांद्यावर बोटं फिरवली, डॉक्टरांनी काढायला लावलेला एक्स-रे उजेडाकडे धरला.

"मावशी, हाडाला घाबरण्यासारखं काही नाही. मानेच्या आतल्या बारक्या स्नायूंनी काम सोडलंय, त्यामुळे सगळा भार खांद्यांवर येतो. त्यांना पुन्हा कामाला लावायचं. गोळी त्यांना काम शिकवू शकत नाही."

"म्हंजे गोळी नाही देत?"

"नाही."

"सुई?"

"तीही नाही."

चतुराबाईंनी खोलीभर नजर टाकली, म्हणजे अख्ख्या वळून टाकली. एक माणूस पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर-खाली करत होता. एक बाई रबरी चेंडू दाबत बसली होती. हे औषध म्हणायचं? शाळेतल्या पोरांचा कवायतीचा तास होता तो. सरकारकडून आलेल्या गोळ्या ही मंडळी परस्पर कुठे पाठवत असतील, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला. संस्कृतीने त्यांना ताठ बसवून हनुवटी सरळ मागे ओढायला लावली. कपाळावर तळहात ठेवून कपाळाने हात रेटायचा आणि हाताने कपाळ, दोघांनीही हलायचं नाही. खांद्यांमागची पाती एकमेकांकडे आवळायची. मग मान हळूहळू उजवीकडे, हळूहळू डावीकडे, दुखायला लागेल तिथवरच.

"रोज करायचं. सकाळ-संध्याकाळ. काही आठवडे लागतील."

"अन् पुन्हा याचं?"

"हो. पुन्हा या."

बाहेर पडताच त्या सुनेला म्हणाल्या, "खरं औषध असतं तं पुन्हा ये म्हनली असती का? ज्याले काही येत नाही थो पुन्हा बलावते."

हबीब पुन्हा पुन्हा येतो हे तेव्हाही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तरीही त्यांनी व्यायाम केला, पण स्वतःच्या रीतीने. उपचार म्हटला की त्याचे नेम असतात, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. तेव्हा त्यांनी तो शनिवारीच केला, कुणाशी न बोलता, प्रत्येक हालचाल तीनदा. शिवाय जोर जास्त लावला, कारण देवाचं काम अर्धवट चालत नाही. मान सुजल्यासारखी झाली आणि दुसऱ्या खेपेला त्या संस्कृतीपुढे रागाने जाऊन बसल्या.

"तुह्या खेळानं मान अजून धरली."

"किती वेळा केलं, मावशी?"

त्यांनी सांगितलं. संस्कृती हसली नाही, हे चतुराबाईंनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. हसली असती तर त्या उठून जाणार होत्या. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या सुनेनं पोळ्या फक्त शनिवारी केल्या तर चालतील का घरात? हे तसंच आहे. रोजचं काम आहे, थोडं थोडं. आणि जोर नको."

ही गोष्ट त्यांना कळली. आवडली नाही, पण कळली.

मग त्या रोज करू लागल्या. सोयाबीनची पोती रचलेल्या खोलीत, आतून कडी लावून. निकिता दाराबाहेर उभी राहून मोबाईलमध्ये उतरवून घेतलेला व्यायाम बघत सांगायची, आई, खांदे वर नका चढवू. दारातून कशी काय दिसते हिला, अशी शंका घेऊन त्यांनी फटीत चिंधी कोंबली. एकदा शेजारची बिस्मिल्लाबी तिफणीचा दांडा मागायला थेट आत आली. त्या दिवशी कडी लावायची राहिली होती. कपाळाला हात लावून डोळे मिटून बसलेल्या चतुराबाई तिला दिसल्या. "काय झालं वो बाई, कोनी गेलं का?" तिने विचारलं. चतुराबाईंनी दूरच्या एका मावशीला तिथल्या तिथे मारून टाकलं. संध्याकाळी बिस्मिल्लाबी सांत्वनाला चहाची किटली घेऊन आली आणि सगळ्या घराला दुःखी चेहऱ्याने तो चहा प्यावा लागला.

काही आठवडे गेले. एका पहाटे चतुराबाई कुशीवर वळल्या आणि वळून झाल्यावर त्यांना कळलं की आपण वळलो. त्या तशाच पडून राहिल्या. असं कसं झालं? हा बरा होण्याचा भास असेल, दुखणं कुठेतरी दबा धरून बसलं असेल. दिवसभर त्यांनी मानेवर पाळत ठेवली. मान दुखली, पण पूर्वीसारखी नाही. मोरीतल्या वरच्या फळीवरचा डबा त्यांनी मान वर करून काढला, आणि मग कुणी बघत नाही असं पाहून त्या थोड्या रडल्या. आनंदाने रडल्या, आणि त्यात थोडी लाजही होती. आपल्या पायाने हे झालं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला संस्कृतीने त्यांना स्टुलावर बसवलं. "आता डावीकडे वळा. हनुवटी खांद्याकडे. हळू."

चतुराबाई वळल्या. कितीतरी वर्षांनी धड जागेवर ठेवून नुसती मान वळली, आणि पाठीमागचा हिरवा पडदा दिसला. पडदा नीट ओढलेला नव्हता. फटीतून भिंतीकडे तोंड करून बसलेला एक माणूस दिसत होता. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी तशीच राहिलेली. तो हनुवटी मागे ओढत होता, सोडत होता. खांदे अजिबात वर जात नव्हते. संस्कृतीने एकदाही त्याला सूचना दिली नाही. हा नवशिका नव्हता.

हबीब.

चतुराबाईंनी मान सरळ केली. बसमध्ये निकिता शेजारी येऊन बसली तरी त्यांनी तिला मागे पाठवलं नाही, इतकं त्यांचं डोकं दुसरीकडे होतं. वर्षभर हा माणूस उंबरठ्यावर येऊन कण्हतो. वर्षभर ताठ चालत जातो. आणि मी खुळी, पायाचा गुण वाढला म्हणून घरात मिरवते! दूधवाल्यावर संशय घेतला, सुनेवर घेतला, नवऱ्याच्या गप्प बसण्यावर घेतला, आणि ज्याच्यावर घ्यायचा तो माझ्याच उंबरठ्यावर पालथा पडून मनात हसत होता. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शनिवारी चार लोकांत त्याला उघडा पाडायचा, हे त्यांनी गाव येईपर्यंत पक्कं केलं. उघडा पाडला की पायही उघडा पडेल, हेही त्यांना दिसत होतं. तरी राग उतरेना.

शनिवारी हबीब आला. ओसरीवर बिस्मिल्लाबी बसलेली, पोतं उचलताना तिच्या पाठीत चमक भरली होती. आणखी दोघं-तिघं होते. हबीब कण्हत कण्हत उंबरठ्यावर पालथा पडला. चतुराबाईंनी खाली बघितलं. अंधारी आली नाही. त्याची मान, तिच्यावरचे पिकले केस, शर्टाची स्वतःच शिवलेली कॉलर, सगळं स्वच्छ दिसलं. त्यांनी पाय फिरवला, कितीतरी दिवसांनी न चाचपडता. हबीब उठला, मान आखडल्यासारखी धरून अंगण ओलांडू लागला. त्याचं सोंग चांगलं होतं.

"हबीबभाऊ," चतुराबाईंनी हाक मारली.

हबीब चटकन वळला. धड तसंच, नुसती मान. हनुवटी थेट खांद्यावर.

इतक्या वर्षांत पाय लावून घेतलेला माणूस कधी मागे वळला नव्हता. बिस्मिल्लाबी हळूच म्हणाली, "आता माघारी येते उसन."

हबीबला कळलं की आपण सापडलो. तो परत आला आणि पायरीखाली उभा राहिला. चतुराबाई उंबरठ्यावरून खाली उतरल्या आणि त्याच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी पाह्यलं तुमाले कारंज्याले. पडद्यामांगं."

"मीबी पाह्यलं भाभी तुमाले. पह्यल्याच खेपीले," हबीब म्हणाला. "निकिताले मीच सांगतलं होतं, ब्लाउज न्याले आली तवा. माहं नाव नको घेऊ म्हनलं."

चतुराबाईंनी विचारलं, "तुमची मान बरी झाली तं इथं कायले येता? मह्यावर हसाले?"

हबीबने मोजपट्टी गळ्यातून काढली, पुन्हा घातली. "मी येनं सोडलं असतं तं लोकाईनं पुसलं असतं, हबीबची मान कोनं बरी केली. मले खोटं बोलता येत नाही भाभी, दवाखान्याचं सांगा लागलं असतं, अन् मंग तुमच्या पायाले कोनं पुसलं असतं? म्हून येत राह्यलो."

चतुराबाईंनी रागाने तयार ठेवलेलं सगळं बोलणं वाया गेलं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पाठीमागे माणसं आपल्याबद्दल काहीतरी करतात, हा संशय त्यांनी जन्मभर वागवला होता. तो खरा निघाला होता. फक्त ती काय करतात, एवढंच त्यांनी चुकीचं धरलं होतं.

त्या उंबरठ्यावर परत गेल्या. बिस्मिल्लाबी पालथी पडली होती. त्यांनी तिच्या पाठीवरून डावा पाय तीनदा फिरवला. ती उठली आणि नेमाप्रमाणे मान खाली घालून निघाली.

"थांब," चतुराबाई म्हणाल्या. "अशी नोको जाऊ. हळू वळ. मांगं पाह्य."

"मांगं? बाई, मांगं तं पाहाचं नसते."

"मी सांगून राह्यली ना? डावीकडून पाह्य, मंग उजवीकडून. दुखलं का थांबाचं. हातापायाले मुंग्या आल्या तं मले पुसाले नोको येऊ, सिधी दवाखान्यात जाजो." मग त्या स्वतः पायरीवर ताठ बसल्या, गावादेखत हनुवटी मागे ओढली आणि सोडली. "अन् मान धरली असन तं हे. रोज. शनवारीच नाही."

ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. निकिता आतून दारात आली. अंगणाच्या कडेला हबीब अजून उभाच होता.

"तुमी काय पाह्यता?" चतुराबाई त्याला म्हणाल्या. "बसा इथं माह्या बाजूले, अन् दाखवा याईले. माहे खांदे अजून वर जातात." हबीब येऊन बसला तेव्हा त्या सगळ्यांकडे एकेक करून बघत म्हणाल्या, "अन् पुढच्या शनवारी मले करून दाखवाले याचं. घरी करसान का नाही, तुमचा काही भरोसा नाही मले."